जोर पडताच सुटणारी लघवी: नव्या आरोग्यसेविकेस पत्र

चि. बेबीस,

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना बाईची लघवी नकळत सुटते, तेव्हा बहुधा मूत्रमार्गाला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेले असतात. बाळंतपणे, पाळी जाणे, वाढलेले वजन, बद्धकोष्ठ, जुना खोकला ही नेहमीची कारणे. आपल्या अक्राणी तालुक्याच्या डोंगरात त्यात चढावरून वाहिलेले पाणी आणि मोळी यांची भर पडते, शिवाय चुलीचा धूर खोकला हटू देत नाही.

बाई हे दुखणे आपणहून सांगत नाही. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेली पाहणी 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. म्हणून प्रश्न सेविकेनेच काढावा, घरच्यांना बाहेर बसवून, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आशाताईला सोबत घेऊन.

जोर पडला त्याच क्षणी लघवी निसटत असेल तर हाच आजार. अनावर घाई होऊन आडोसा गाठेपर्यंत लुगडे भिजत असेल तर तो निराळा, त्याचे उपचारही निराळे. दोन्ही एकत्रही असतात. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस गळत असेल, तर मूत्राशय व योनी यांच्यामध्ये छिद्र पडल्याची शंका घ्यावी आणि बाईला विनाविलंब जिल्हा रुग्णालयात पाठवावे. अशा वेळी व्यायामात दिवस घालवणे हा अन्याय ठरेल.

मूत्राशय भरलेले असताना आधी झोपवून, मग उभे करून जोरात खोकायला सांगावे. मूत्रद्वारातून लगेच थेंब उडाला की निदान पक्के होत जाते. अंग बाहेर येते का तेही पाहावे, लघवीत जंतुसंसर्ग व साखर तपासावी. लघवी केव्हा झाली, केव्हा सुटली याची तीन दिवसांची नोंद हवी. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाच्या रेघा पुरतात.

पहिला उपचार व्यायामाचा. तो अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली मांडला. वारा रोखताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. एका वेळी निदान 8 वेळा, दिवसातून तीनदा, किमान 3 महिने. खोकला येताच आधी आवळून धरण्याची सवय लावावी. पाणी पिणे तोडू देऊ नये. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासावी.

एवढे करून गुण आला नाही तर मूत्रमार्गाखाली आधारपट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया असते. कृत्रिम जाळीच्या पट्टीने काहींना पुढे त्रास होतो, हे बाईला आधीच सांगितले पाहिजे.

पुष्कळ बायका व्यायाम मध्येच सोडतात, म्हणून दर पंधरवड्याला चौकशी व्हावी, आणि बाळंतिणीच्या प्रत्येक गृहभेटीत लघवीचा हा प्रश्न न चुकता विचारला जावा.

तुझी,
मावशी