वाळा आणि दूषित भूमी

हैदराबादच्या काटेदान औद्योगिक वसाहतीच्या मातीत शिसे, क्रोमियम, जस्त आदी जड धातू प्रमाणाबाहेर असल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. धातू कुजून नाहीसा होत नाही. अशा भूमीत वाळा लावला असता त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात व बरेचसे धातू आपल्यातच धरून ठेवतात. पानांत मुळांपेक्षा कमीच चढतो. काम मंद, वर्षानुवर्षांचे. परंतु ही मुळे पडद्यांसाठी, सरबतासाठी वा अत्तरासाठी बाजारात येता कामा नयेत, हे पाहणे आम्हा व्यापाऱ्यांकडे येते. चाऱ्याचेही तेच. मुसीकाठी सांडपाण्यावर वाढलेले पॅरा गवत म्हशींना घातले जाते. तेव्हा पांजरपोळास चारा देताना तो कोणत्या शेतातला, हे आम्ही आधी विचारून घ्यावे.