धनुष्याचं लॅमिनेशन आणि पंक्चरवाल्याची ट्यूब

गॅदरिंगच्या नाटकातल्या अर्जुनासाठी मी तीन पट्ट्यांचं धनुष्य केलं होतं. प्रत्यंचा चढवून रात्रभर भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळी बघतो तर टोकाकडची वरची पट्टी सरकलेली. ओढल्याबरोबर 'कट्ट'! नशीब, अर्जुनाचा डोळा वाचला.

चूक एसओएमच्या वहीतच सापडली. 3 मि.मी.च्या तीन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा एका पट्टीच्या तिप्पट. चिकटवल्या की जाडी 9 मि.मी. धरायची, ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे 27 पट. मधला नऊपटीचा फरक सगळा गोंदाच्या जिवावर! शिवाय शिअर स्ट्रेस मधोमध सर्वांत जास्त, आणि गोंदाच्या रेषांवर त्याच्या 89 टक्के येतो. (दोनच पट्ट्या घेतल्या तर रेष बरोबर मधोमध. मग पूर्ण शंभर.)

मी वापरलेला पांढरा सुतारी गोंद कपाटाला उत्तम, पण सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. हाच तो क्रीप. धनुष्याला इपॉक्सी बरं. मात्र ते कचकचून आवळायचं नाही. गोंद कडेने बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. दाब बेताचाच, पण सगळीकडे सारखा हवा. पट्ट्या आधी सँडपेपरने खरवडाव्यात. साग तेलकट असतो, तो ॲसिटोनने पुसून घ्यावा.

सहा सी-क्लॅम्प लावले तर दाब सहाच ठिकाणी, मधे फट. भिवंडीला आमच्या निजामपुऱ्यात पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूब आणल्या, अडीच सें.मी. रुंद पट्ट्या कापल्या. 5 किलोच्या ताणाने गुंडाळलं की वेढ्याच्या दोन्ही बाजू ओढतात, म्हणजे 10 किलो. असे 40 वेढे म्हणजे 400 किलो, तेही मीटरभर पसरलेले! फक्त रबर कडांवर जास्त दाबतं, म्हणून वर किंचित फुगीर लाकडी पट्टी ठेवायची. फर्म्याला आधी सेलोटेप लावा, नाहीतर धनुष्य आणि फर्मा जन्माचे सोबती. ओलं इपॉक्सी साबणासारखं निसटतं, तेव्हा मधून सुरुवात करून टोकांकडे जायचं. चोवीस तास हात लावू नका. आणि भर पावसाळ्यात, लाकूड ओलं असताना हा उद्योग नकोच.

पहिली ओढ हाताने नाही. मूठ पक्की बांधून, दोरीने, लांबून.

माझं दुसरं धनुष्य दीड महिना खोलीत टिकून आहे. प्रत्यंचा मात्र रोज रात्री उतरवतो.