सोबत नेता येईल असं

पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे नऊ वर्षांची मुलगी राहायला येतेय, बाल कल्याण समितीचा आदेश हातात पडलाय आणि तू आत्तापासूनच कथकच्या बाईंशी बोलून ठेवलंयस, असं तुझी आई फोनवर म्हणाली. म्हणून घाईनं लिहायला बसले. बाईंना नाही म्हणू नकोस. दोन महिन्यांनी सांगते, एवढंच कळव.

माझ्याकडे एकोणीस वर्षांत सहा मुलं राहून गेली. कुणी आठ महिने, कुणी चार वर्षं. नवं मूल आलं की पहिले दिवस घराचा अंदाज घेण्यातच जातात. रात्री कुठला दिवा जळतो, दुसऱ्यांदा पोळी मागितली तर चालतं का, कुणाचा आवाज चढला की पुढं काय होतं, हे सगळं त्याला आधी समजून घ्यायचं असतं. त्यात संध्याकाळी तिसऱ्याच ठिकाणी, अनोळखी माणसांत नेऊन सोडलं तर त्याला वाटतं, आपल्याला पुन्हा हलवलं. तेवढे दिवस तू फक्त बघ. हात रिकामे असले की ती काय करते, ते बघ.

हे मी चुकून शिकले. माझ्याकडची एक मुलगी तांड्यावरून आलेली होती. चित्रकलेच्या वर्गात घातलं, तर कागदाच्या कडेकडेनं नुसत्या नक्ष्या काढायची, मधला कागद कोरा. मीच तिला ओरडायची, मध्ये झाड काढ, घर काढ. पाच महिन्यांनी कळलं, की तिची आई घागऱ्यावर आरसे लावून भरतकाम करायची आणि ही शेजारी बसून दोरा ओवून द्यायची. त्या नक्ष्या आईच्या हातच्या होत्या. चित्रकलेच्या सरांनी ते मला दाखवून दिलं. म्हणाले, एलिमेंटरीच्या परीक्षेत संकल्पचित्राचा एक पेपरच असतो, हिला तिथून सुरुवात करू द्या. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी हेच विचारते, तुमच्याकडे संध्याकाळी काय करायचे? आधीच्या घरातलं जे काही हाताशी असेल, त्यालाच नवं जोडायचं. भाषा वेगळी असेल तर तिच्या भाषेतली गाणी घरात म्हणू दे, तूही शीक. देवधर्म तिचा जो असेल तो तसाच राहू दे.

आवडीचं विचारशील तेव्हा जपून. संस्थेत वाढलेल्या मुलाला 'तुला काय आवडतं?' विचारलं की ते 'काहीपण' म्हणतं. तिथं उठणं, जेवणं, खेळणं सगळं घंटेवर चालतं. निवडायची वेळच कधी आलेली नसते. म्हणून सगळ्या जगातून निवड असं सांगू नकोस, दोन गोष्टी पुढं ठेव. दोन दिवस इथं बसून बघ, दोन दिवस तिथं. आणि सोडायची मुभा दे. महिना पुरा करायचा आणि सरांना आपल्या तोंडानं 'येत नाही' सांगून यायचं, एवढी एकच अट. जे सोडता येतं त्यालाच मूल धरून राहतं, असा माझा अनुभव आहे.

आता निवडायचं कसं, ते सांगते. यातच माझा सगळा जीव आहे. दत्तक आणि संगोपन यांतला फरक तुला कागदावर ठाऊक आहे; घरात तो असा, की ही मुलगी कधीही आपल्या माणसांकडे परत जाऊ शकते, आणि ती जावी यासाठीच आपण असतो. म्हणून जे गावोगावी सारखंच आहे, ते शिकव. खो-खो घे. आठ जणी बसायच्या, एकीनं पळायचं, नियम कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत तेच, साहित्य दोन खांबांचं. गाणं किंवा तबला असेल तर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसव. प्रारंभिक एका गावात झाली तर प्रवेशिका दुसऱ्या गावातल्या केंद्रावर देता येते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं तसंच. माझी ती नक्ष्यांची मुलगी वर्षाच्या मध्येच मावशीकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि इंटरमिजिएट तिनं तिकडून दिली. एखाद्या शहरातच चालणारी, एकाच बाईंची पद्धत कितीही सुंदर असली तरी आपल्या मुलांसाठी ती नको. तुझं कथक या हिशेबात बसतंय, पण ते तिला हवं असेल तर.

पैशाचंही बोलते. बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये मिळतात; वह्या, दूध, औषधं यांतच ते संपतात. क्लासची फी तुझ्या पदरची. नसेल झेपत तर वाचनालय, भजनी मंडळ, लेझमीचं पथक आहेच. बालभारतीचं 'किशोर' मात्र तिच्या नावानं घरी येऊ दे. आपल्या नावाचं टपाल या मुलांना आलेलं नसतं.

क्लास सहाला सुटत असेल तर पावणेसहाला दारात हजर राहा. रोज एकाच जागी उभी राहा, बाहेर आल्या आल्या तू दिसलीच पाहिजेस. मी एकदा पावसात अडकून वीस मिनिटं उशिरा पोचले. मुलगा दप्तर पाठीला लावून, डोळे कोरडे ठेवून उभा होता. मला बघून विचारलं, "आता कुठं जायचं?" कुठं म्हणजे घरी, असं मी म्हणाले, पण त्याला ते खरं वाटायला पुढचे कितीतरी दिवस लागले.

क्लास बंद करण्याची शिक्षा कधीच देऊ नकोस. अभ्यास राहिला, खोटं बोलली, काही फोडलं, तरी नाही. ती गोष्ट तिची आहे, आपण फक्त फी भरतो. आणि 'तुझ्यासाठी एवढं करतो' हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नकोस, पाहुण्यांच्याही.

क्लासचा फॉर्म तू आधी जाऊन भरून ये. पालकाचं नाव, नातं, आडनाव वेगळं का, हे तिला रांगेत उभं राहून सांगावं लागू नये. सरांना कामापुरतंच सांग: अंगाला हात लावून शिकवताना आधी विचारा, 'माझं कुटुंब' असा विषय असेल तर मला आदल्या दिवशी कळवा. तिची कहाणी सांगायचा हक्क तिचा. पोहायला घातलंस तर कपडे बदलायची जागा आधी आपण बघून ये. स्पर्धेला जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर बाल संरक्षण कक्षाला विचारून ठेव. बक्षीस मिळालं की पेपरात, मोबाइलच्या गटांत फोटो नको. 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. ज्या क्लासला फोटो टाकल्याशिवाय राहवत नाही, तो क्लास बदल.

फोटो काढ मात्र, छापून तिच्याजवळ दे. भेटीच्या दिवशी आईला दाखवायला ते तिच्या हातात असावेत. समितीनं परवानगी दिली तर कार्यक्रमालाही आईला बोलाव आणि पुढच्या रांगेत बसव. तू मागं बस.

सर्टिफिकिटं, रंगपेटी, घुंगरं, सगळ्यावर तिचं नाव घाल. कुठंवर शिकून झालंय, हे सरांकडून एका कागदावर लिहून घे आणि दर सहा महिन्यांनी तो कागद बदल. हे सगळं ठेवायला चेनची एक भक्कम पिशवी लागेल. ही मुलं येतात तेव्हा त्यांचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत असतं, जाताना तसं जाऊ नये. ती आली की चार दिवसांनी तिला शिंप्याकडे घेऊन जा, दोन कापडं पुढं ठेव, आणि ती बोट ठेवेपर्यंत थांब.