नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे

तुम्ही लासलगाव पाहिले आहे का? बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. येथील लिलावाच्या भावाकडे देशभर लक्ष असते. पण हा भाग मुळात कमी पावसाचा. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. इगतपुरीला मुसळधार पाऊस पडतो आणि इकडे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात!

मग अशा कोरड्या मुलखात हजारो पाणपक्षी कसे येतात? याच निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे, नांदूर मध्यमेश्वरला, दगडी बंधारा बांधला गेला. तो शेतीसाठी होता. त्याचे कालवे कोपरगावकडे जातात. पुराबरोबर गाळ आला आणि साचत गेला. पाणी उथळ झाले, लहान बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पक्ष्यांना आयते घर मिळाले.

तुम्ही हिवाळ्यात पहाटे जा. चापडगावच्या मनोऱ्यावर हळूच चढा. कपाळावर पांढरा ठिपका असलेले काळे वारकरी पक्षी पाण्यावर दिसतील. चमच्यासारखी चोच असलेला पक्षी तर तुम्ही लगेच ओळखाल. त्याचे नावच चमचा! आणि तो नारिंगी रंगाचा चक्रवाक? उर्दूतला सुर्खाब तो हाच. तो लडाख, तिबेटकडून उडत येतो.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे सांगतात. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले. २०२० मध्ये रामसर यादीत याचे नाव आले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ.

पण एक पेच आहे. गाळामुळे बंधाऱ्यात पाणी कमी मावते. गाळ काढला, तर कालव्याला जास्त पाणी मिळेल. शेतकऱ्याची ही गरज खोटी नाही. मात्र सगळा गाळ काढला, तर उथळ पाणी संपेल. मग लांब पायांचे बगळे आणि करकोचे उभे कोठे राहणार? शिवाय कालव्याला आवर्तन सुटले, की जलाशयातील पाणी उतरते आणि पक्ष्यांना जागा बदलावी लागते.

शब्दार्थ : आवर्तन – ठरलेल्या पाळीने कालव्यात सोडलेले पाणी. पेच – अडचण.

संवाद लिहा : 'बंधाऱ्यातील गाळ काढावा का?' – एक शेतकरी आणि एक पक्षिमित्र.