गाडी उत्तरेला निघाली? आधी रेडिएटर बघा



आजचा धडा पिकाचा नाही, गाडीचा आहे. लाल कांदा सुरू आहे, द्राक्षाची तोड लागेल. सभासदांच्या काही गाड्या माल घेऊन दिल्ली, जम्मू, श्रीनगरकडे निघतील. म्हणून हा मेसेज आजच.

*आधी घरचा अनुभव*
माझ्या मामांची सहाचाकी कांदा घेऊन श्रीनगरला गेली होती. उन्हाळ्यात होज पाइप गळत होता, तेव्हा रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी भरलेलं. गळती काढली, पण पाणी तसंच राहिलं. जाताना बर्फामुळे हायवे बंद झाला आणि काझीगुंडला रात्रभर गाडी उभी राहिली. सकाळी इंजिनखाली पाणी. ब्लॉकला चीर गेली होती. भाड्यात जे कमावलं ते गेलंच, वर इंजिन उतरवावं लागलं. कूलंटचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

*असं का होतं?*
पाणी ० अंशाला गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. रेडिएटरच्या नळ्या आणि इंजिनचा ब्लॉक यांत फुगायला जागा नसते. मग नळी फाटते, कोअर प्लग म्हणतात ती पत्र्याची टोपणं बाहेर येतात, नाहीतर ब्लॉकच तडकतो.

कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. म्हणून निम्मं-निम्मं.

*खरी चूक इथे होते: टॉप-अप*
समजा गाडीत १० लिटर कूलंट आहे, म्हणजे ग्लायकॉल ५ लिटर. वाटेत ४ लिटर गळलं, आपण साधं पाणी टाकलं. ग्लायकॉल उरलं ३ लिटर. पुन्हा एकदा तसंच झालं, तर उरलं फक्त १.८ लिटर. रंग अजून हिरवाच दिसतो, पण हे मिश्रण उणे ७-८ ला गोठायला लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरला एका रात्री पारा उणे ८.५ पर्यंत उतरला होता. आता हिशोब तुम्हीच करा.

*निघण्याआधी काय करायचं?*
१) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर वाफ तोंडावर येते.
२) रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही नळ सोडून जुनं पाणी काढा. गंज निघत असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा.
३) धुतल्यावर थोडं पाणी ब्लॉकमध्ये राहतंच. म्हणून आधी गाडीच्या एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट कूलंट टाका, मग बॅटरीचं पाणी टाकून लेव्हल करा. बोअरचं पाणी नको, त्याने क्षार बसतात. कूलंट तयार मिश्रणाचं असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नका. मात्र तेव्हा ब्लॉकमधलं धुण्याचं पाणी पूर्ण काढा.
४) इंजिन चालू करून हवा निघू द्या. हीटर असेल तर तोही चालू ठेवा. थंड झाल्यावर लेव्हल पुन्हा बघा.
५) होज, क्लिप, झाकणाचं रबर तपासा. त्याच कूलंटचा एक डबा गाडीत ठेवा, म्हणजे वाटेत साधं पाणी टाकायची वेळ येणार नाही.
६) कूलंट कोणतं घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. रंग सारखा म्हणून दोन कूलंट एकत्र करू नका.

*मोजायचं कसं?*
कूलंटचा हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, गॅरेजवाल्याकडे विचारा. द्राक्षाची साखर बघायचा आपला रिफ्रॅक्टोमीटर इथे वापरू नका, त्याची पट्टी वेगळी असते.

*सकाळी गोठल्याची शंका आली तर*
स्टार्टर मारू नका. उकळतं पाणी ओतू नका, त्याने ब्लॉक तडकतो. खाली शेकोटी तर अजिबात नको. गाडी उन्हात किंवा बंद शेडमध्ये ढकला, हळूहळू वितळू द्या, गळती बघा, मगच चालू करा. चालू केल्यावर काटा झपाट्याने वर गेला तर लगेच बंद करा.

*आणि घरचा ट्रॅक्टर?*
डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता, दव गोठलं होतं. तरी आपल्याकडे रेडिएटर गोठून फुटणं दुर्मिळ, उगाच घाबरू नका. आपल्याकडे नुकसान होतं ते गंजाने आणि क्षाराने. त्यामुळे कूलंट ट्रॅक्टरलाही हवंच, अगदी मे महिन्यातसुद्धा. पाणी काढून ट्रॅक्टर उभा करणार असाल, तर स्टिअरिंगला "पाणी नाही" अशी पाटी बांधा. घरातलं कुणीतरी नकळत चालू करतं.

⚠️ *जपून:* कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. जुनं कूलंट बांधावर, गोठ्याजवळ किंवा विहिरीजवळ ओतू नका. कुत्री, जनावरं, लहान मुलं चाटू शकतात. डबा झाकण लावून उंचावर ठेवा. जुनं कूलंट डब्यात भरून गॅरेजला द्या.

ज्यांची गाडी या आठवड्यात उत्तरेला निघणार आहे, त्यांनी याच मेसेजला "गाडी" असं उत्तर पाठवा. निघण्याआधी संकलन केंद्रावर या, सोबत बसून लेव्हल बघू. आणि हा मेसेज ड्रायव्हरदादांना नक्की पाठवा. रात्री गाडीपाशी तेच असतात.

– तुमचा कृषी सल्लागार 🌱