एक तलाव, दोन करार : संगणकातील इंटरफेस व कास्टिंग

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा होय. कोहळी शेतकऱ्यांच्या कसबातून उभे राहिलेले येथील तलाव धानशेतीचा आधार ठरले. मालगुजारी नष्ट करणारा मध्य प्रदेशाचा कायदा १९५० साली झाला. भंडारा त्या वेळी त्याच राज्यात होता. पुढे या तलावांना ‘माजी मालगुजारी’, संक्षेपाने ‘मामा’ तलाव, हे नाव पडले. कागदावर नाव नवे आले, तरी पाळ आणि पाट तेच राहिले. संगणकाच्या आज्ञावलीतील ‘कास्टिंग’ ही क्रिया समजण्यास हे उदाहरण उपयोगी आहे.

इंटरफेस म्हणजे करार

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा या संगणकभाषेत प्रत्यक्ष वस्तूचे प्रतिरूप म्हणून ‘ऑब्जेक्ट’ तयार करता येतो. त्याची घडण ‘क्लास’ ठरवितो. कोणती कामे करावयाची, याचा करार म्हणजे ‘इंटरफेस’. त्यातील प्रत्येक काम म्हणजे ‘मेथड’. समजा, ‘सिंचन’ या इंटरफेसमध्ये ‘पाणी सोडा’ आणि ‘मत्स्यपालन’ या इंटरफेसमध्ये ‘मत्स्यबीज सोडा’ अशी मेथड आहे. तलावाचा क्लास दोन्ही करार पाळतो. विंधन विहिरीचा क्लास फक्त पहिला.

सर्व जलस्रोत ‘सिंचन’ या प्रकारच्या एकाच यादीत ठेवले, तर प्रत्येकास ‘पाणी सोडा’ अशी आज्ञा निर्धास्तपणे देता येते. तलाव आपले दार उघडील, विहीर पंप सुरू करील. आज्ञा देणाऱ्यास ही रीत ठाऊक असण्याची गरज नाही.

कास्टिंग म्हणजे काय?

याच यादीतील घटकास ‘मत्स्यबीज सोडा’ असे सांगितल्यास कंपायलर नकार देतो, कारण ‘सिंचन’ करारात ते काम नाही. तेव्हा आज्ञावलीकार त्या घटकाचे ‘मत्स्यपालन’ या प्रकारात कास्टिंग करतो. येथे नवा ऑब्जेक्ट तयार होत नाही व जुनाही बदलत नाही. ‘हा घटक तो करार पाळतो’ एवढीच ग्वाही दिली जाते. तिची पडताळणी आज्ञावली चालू असताना होते. घटक तलाव असेल तर काम पार पडते. विहीर असेल तर ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ हा दोष उद्भवतो आणि त्याची तजवीज केलेली नसल्यास काम मध्येच थांबते. यादीतील काही नोंदी पूर्ण होतात, उरलेल्या तशाच राहतात.

आवश्यक दक्षता

कास्टिंगपूर्वी ‘इन्स्टन्सऑफ’ वापरून घटक तो करार पाळतो किंवा नाही, हे तपासावे. २०२१ मधील जावा १६ पासून तपासणी व कास्टिंग एकाच पायरीत करता येते. त्याहून उत्तम म्हणजे मत्स्यपालनयोग्य स्रोतांची यादी आरंभापासूनच वेगळी ठेवणे. मग कास्टिंगची गरजच पडत नाही.

कार्यालयासाठी आज्ञावली तयार करवून घेताना अधिकारी व पंचायत सदस्यांनी कोणती वस्तू कोणते काम करू शकते, हे प्रथमच लेखी स्पष्ट करावे. निराळ्या सदरात नोंद केल्याने विहिरीचा तलाव होत नाही.