मिसरी पण तंबाखूच आहे, डॉक्टरांना सांगा



आमच्या माहूरकडं मिसरी लावणाऱ्या बाईला विचारा, "ताई, तंबाखूचं व्यसन आहे का?" ती "नाही" म्हणेल. खोटं बोलत नाही ती. तिच्या लेखी व्यसन म्हणजे नवऱ्याची बिडी नि दारू. मिसरी म्हणजे दात घासणं.

आमच्या भागातल्या एका बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तन काढल्यावर पोटाची कातडी आणि चरबी घेऊन त्या जागी नवा आकार तयार करता येतो, असं तिला दवाखान्यात सांगितलं. ती खूष झाली. कागदावर 'स्मोकिंग : नाही' असं लिहिलं गेलं, कारण विचारलंच तेवढं होतं. भरतीच्या आदल्या दिवशी मला तिच्या पिशवीत मिसरीची डबी दिसली. मी म्हटलं, "तू सांग, नाहीतर मी सांगते." तिनं सांगितलं. कॅन्सरचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, पण नव्या स्तनाचं पुढं ढकललं. ती माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

सर्जननं असं का केलं, ते समजून घेऊ. शरीराच्या एका जागेची कातडी दुसरीकडं लावली, की ती तिथं जगते ती फक्त रक्तावर. हे ज्ञान आपल्या मातीतलं आहे. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका ऑपरेशनची हकीकत छापून आली. कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. ते कपाळाच्या कातडीतून पुन्हा तयार केलं एका कुंभार-वीटकामाच्या जातीतल्या माणसानं. (कुणाच्या हातात विद्या होती, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.) त्यानं कपाळाची कातडी पूर्ण कापून काढली नाही. भुवयांच्या मधोमध एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे नवीन जागी रुजेपर्यंत जुन्या जागेचं रक्त मिळत राहील.

आजही तत्त्व तेच आहे. खर्रा-गुटख्यानं गालाचा किंवा जबड्याचा कॅन्सर झाला, की तो भाग काढून छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वर वळवून तोंडात बसवतात. नाहीतर पायाचं बारीक हाड किंवा मांडीची कातडी आणून तिच्या नसा मानेतल्या नसांना केसाहून बारीक टाक्यांनी जोडतात. वॉर्डात असताना अशा पेशंटला मी रात्रभर तासातासाला टॉर्च मारून बघायचे, कातडी गुलाबी आहे की निळी पडली.

निकोटीन या बारीक नसा आकसून टाकतं. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. मग जखमेच्या कडा काळ्या पडतात, टाके उघडतात, पू होतो. धूर एक-दोन दिवसांत रक्तातून बराचसा जातो, पण नसा आणि जखम भरण्याची ताकद सुधारायला आठवडे लागतात. म्हणून बहुतेक सर्जन ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतात. काही ठिकाणी लघवीत कोटिनिन तपासतात. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं. ते मिसरीनंही सापडतं, खर्ऱ्यानंही. निकोटीनचं च्युइंगगम किंवा पट्टी वापरत असाल तर तेही सांगा, कारण त्यातही निकोटीनच असतं.

एक गैरसमज जीव घेतो. "तंबाखू सुटत नाही, आता ऑपरेशन करणार नाहीत" म्हणून लोक दवाखान्यात जातच नाहीत. कॅन्सर काढायचं ऑपरेशन तंबाखूसाठी सहसा थांबवत नाहीत. पुढं ढकलतात ती दुरुस्ती, तीही कायमची नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर दोन्ही कामं बहुधा एकाच वेळी होतात, तेव्हा तपासणीचा रिपोर्ट यायची वाट न बघता त्याच दिवशी पुडी टाका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. तुमची दुरुस्तीची शस्त्रक्रिया त्यात येते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि पुडी कुठं मिळते हे गावातलं पोर सांगेल. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील 2015 मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शरद पवारांनी स्वतःच्या ऑपरेशनबद्दल आणि सवयीबद्दल जाहीर बोलून दाखवलं. आपण मात्र विहारात पंचशील म्हणतो, पाचवं शील दारूपुरतं धरतो, आणि बाहेर येऊन खर्रा घोटतो. हे मी उपासकांना रागावून लिहीत नाही. कापूस वेचताना भूक मारायला मिसरी लावणाऱ्या बाईला तर अजिबात नाही. तिला लाज वाटली की ती डॉक्टरांपासून लपवते, नि भोगतेही तीच.

म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांनी 'स्मोकिंग'च विचारलं तरी मिसरी, खर्रा, तपकीर, बिडी, जे असेल ते किती आणि शेवटचं कधी, हे सांगा. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे. आणि पेशंटसमोर घरातल्या पुरुषांनी बिडी ओढू नये, तो धूर तिच्याही रक्तात जातो.

ती बहीण आता बोलते माझ्याशी. चार महिने झाले, डबी घरात नाही. रेडिएशन संपलं आहे, कातडी निवली की पुढची तारीख मिळेल.